एका वाटीचा तास

टँकर मंगळवारी येतो,
म्हणून हा धडा मी बुधवारी घेते.
पुस्तकात चित्र आहे: रेनकोट घातलेली मुलगी, डबकं, पिवळे गमबूट.
"बाई, डबकं म्हणजे?"
दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

एक वाटी पाणी. औषधाचा ड्रॉपर. कडा उचललेलं ताट.
आणि मुलांनी घरून आणलेलं काहीबाही:
नमद्याचा तुकडा, टायरची चकती, मेणबत्ती, अर्धी वीट,
काल उरलेल्या रोटीचं टोक,
आणि एक खिळा, झालगासने जहाजातून उपटलेला.
जहाजं शाळेमागेच आहेत, वाळूत,
मुलं त्यांच्या सावलीत लपाछपी खेळतात.

नियम एकच: आधी अंदाज, मग थेंब.

टायरवर? "बसेल."
बसला. गोल, फुगीर, अख्खी खिडकी पोटात घेऊन.
मेणावरून घरंगळला.
मी म्हटलं, लिहा: मेण पाणी शोषत नाही.
उल्बोसिनने लिहिलं: मेणाला पाणी आवडत नाही.
मी खोडलं नाही.

नमद्यावर बराच वेळ थांबला,
मेंढीच्या अंगचं तेल अजून होतं त्यात.
मग कुणीतरी बोटाने दाबला, आणि गेला आत.
"दाबल्यावर कुणीही जातं," अझामत म्हणाला.
आठ वर्षांचा आहे. त्याचे दोघे भाऊ कझाकस्तानात विटा वाहतात.

विटेने तर आवाज करून प्यायलं.
"अजून! अजून!" वाटी अर्धी झाली.
रोटी मऊ पडली. खिळा नुसता ओला,
"त्याला सावकाश समजतं," मी म्हटलं, "उद्या बघू."

सार्सेनबाईने मूठ उघडली.
पांढरं, भुरभुरीत, तळाचं मीठ.
थेंब पडला, आणि मीठ गेलं, थेंबही गेला,
उरलं ते दोघांपैकी कुणीच नव्हतं.
चाखू नका म्हटलं, त्यात नुसतं मीठ नाही,
पण एकाची जीभ तोवर लागलीच होती.
"कसं लागतं?"
"आजोबा सांगतात तसं."
मी त्याला चूळ भरायला लावली. तेवढं पाणी गेलं.

शेवटी बीबीसानेमने खिशातून बोळा काढला.
तिची आई दवाखान्यात नर्स आहे.
कापूस. आम्हाला कुणी ओळख करून द्यायला नको,
माझ्या लहानपणी सप्टेंबरात वर्ग शेतातच भरायचा,
बोटं फाटेपर्यंत, किलोवर.

एक थेंब. दोन. पाच. मुलं मोठ्याने मोजू लागली.
नऊ, दहा, ताटात एक टिपूस नाही.
अठरा. बोळा करडा झाला, बसकण मारून बसला.
एकवीस.
"आता परत द्यायला सांगा त्याला."
पिळला. चौदा.
"आणि सात?"
सगळ्यांनी ताट उचलून खाली पाहिलं.
"कुठेतरी मुरतंय," मी म्हणाले,
आणि माझंच वाक्य माझ्या कानाला वेगळं लागलं.

झालगास खिडकीपाशी गेला होता.
बाहेर नेहमीचं: वाळू, झुडपं,
नांगर टाकायला जागा न उरलेला नांगर.
"बाई, बोळा खूप मोठा असला तर?"
"किती मोठा?"
त्याने दोन्ही हात पसरले, पुरेनात, म्हणून खाली सोडले.

मला सगळं येतं. दोन नद्या, कालवे, सालं, आकडे,
पाचवीच्या पुस्तकात दीड पान आहे.
हे दुसरीचे.
घंटा झाली, आणि मला बरं वाटलं,
ते बरं वाटणं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वाटीतलं उरलेलं डब्यातल्या टोमॅटोला घातलं.
बोळा खिडकीत वाळत ठेवला.

गुरुवारी खिळ्यावर तांबूस कड आली होती.
ताटात मिठाची रेघ.
आणि बोळा हलका, पांढरा, फुंकरीने सरकेल असा,
जणू त्याने कधी काही प्यायलंच नाही.
उल्बोसिनने तो उचलला, कानाशी धरला,
बराच वेळ.